८८ टक्के, पण कशाचे?

पत्र थोडक्यात असं : बायकोला २६ आठवडे झालेत. सोनोग्राफीत शंका आली, मग गर्भाची इको झाली आणि बाळाच्या हृदयाची डावी बाजू वाढलेलीच नाही असं कळलं. डॉक्टरांनी त्याला 'हायपोप्लास्टिक लेफ्ट हार्ट सिंड्रोम' असं नाव सांगितलं. गर्भ ठेवायचा, हे आमचं ठरलं आहे. दोन रुग्णालयांत चौकशी केली. तासाभरावरचं म्हणतं, आमच्याकडे ८८ टक्के बाळं वाचतात. दुसरं खूप लांब आहे आणि ते म्हणतं ६८. साहजिकच माझा कल जवळच्याकडे आहे. ओळखीतल्या एका मुलाचं तान्हेपणीच हृदयाचं ऑपरेशन झालं होतं, तो आज फुटबॉल खेळतो. माझी ताई नवजात अतिदक्षता विभागात नर्स आहे. ती म्हणते, "एवढ्याशा जिवाला तीनदा चिरायचं कशाला?" बायको म्हणते, तू ठरव. मी नेमकं काय ठरवू?

नमस्कार.

आधी तो ८८ चा आकडा उचलून बाजूला ठेवा. पत्रातलं बाकीचं सगळं तुम्ही त्याच्यावर रचलं आहे आणि तो तेवढा भार पेलणारा नाही.

दोन्ही रुग्णालयं खरं बोलत असतील. इतकंच काय, ८८ आणि ६८ हे दोन्ही आकडे एकाच रुग्णालयाच्या वहीतून निघू शकतात. पहिल्या ऑपरेशननंतर किती बाळं घरी गेली, हा एक आकडा. पहिल्या वाढदिवसाला किती हयात होती, हा दुसरा. पाचव्या वर्षी किती, हा तिसरा. विचारताना आपण फक्त 'किती टक्के वाचतात?' एवढंच विचारतो आणि समोरचा त्याला सोयीचं किंवा सवयीचं उत्तर देतो. उत्तर अमेरिकेतल्या १५ केंद्रांनी मिळून ५४९ बाळांवर एक चाचणी केली होती, तिचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. या आजाराच्या पहिल्या ऑपरेशनात फुप्फुसांना रक्त पुरवण्याच्या दोन पद्धती आहेत, त्यांची ती तुलना होती. हृदयरोपणाची वेळ न येता वर्षभर जगलेली बाळं एका पद्धतीत ७४ टक्के होती आणि दुसरीत ६४. पुढच्या वर्षांत हा फरक कमी होत गेला. हे निकाल मुरलेल्या केंद्रांचे आहेत. त्यामुळे लांबच्या रुग्णालयाचे ६८ टक्के एक वर्षाचे किंवा पाच वर्षांचे असतील तर ते वाईट मुळीच नाहीत. आणि जवळच्याचे ८८ टक्के फक्त डिस्चार्जपर्यंतचे असतील, तर खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते.

मग छेद बघा, म्हणजे 'कितीपैकी' हा भाग. कोणती बाळं मोजली? काही ठिकाणी फक्त 'साध्या जोखमीची' धरतात आणि दोन–अडीच किलोची, अपुऱ्या दिवसांची, जनुकीय दोष असलेली वगळतात. जन्मानंतर टेबलापर्यंत पोचलीच नाहीत, ती तर बऱ्याचदा कुठेच मोजली जात नाहीत. आणि एकूण किती? वर्षाला ८ ऑपरेशनं होत असतील आणि ७ बाळं घरी गेली, तर झाले ८७.५ टक्के. पुढच्या वर्षी आणखी एकच गेलं की तो आकडा ७५ वर येतो. शल्यविशारद तोच, खोली तीच. एवढ्या लहान संख्येत टक्केवारी काढणं म्हणजे नाणं आठदा उडवून ते खोटं आहे की खरं हे ठरवण्यासारखं आहे.

म्हणून दोन्हीकडे पुन्हा जा आणि हेच प्रश्न दोघांनाही त्याच शब्दांत विचारा. गेल्या ३ वर्षांत नॉरवुड ऑपरेशनं, म्हणजे या आजारातल्या तीनपैकी पहिलं ऑपरेशन, किती केली? त्यातली किती बाळं घरी गेली, आणि किती दुसऱ्या ऑपरेशनपर्यंत जिवंत पोचली? या आजाराची जी बाळं तुमच्याकडे जन्मली पण ज्यांचं ऑपरेशन झालं नाही, ती किती? हे ऑपरेशन किती जण करतात, एकच सर्जन की दोघं? नवजात बाळाला एक्मो, म्हणजे हृदय-फुप्फुसांचं काम काही काळ बाहेरून करणारं यंत्र, लावायची सोय इथेच आहे का, रात्री २ वाजता ती चालवणारी माणसं हजर असतात का? आमच्या बाळासारखी, म्हणजे इकोत जे दिसतंय तशी, किती होती? उत्तर टक्क्यांत आलं तर 'कितीपैकी किती?' म्हणून विचारा. चांगली टीम या प्रश्नांनी रागावत नाही. उलट कागद काढून दाखवते.

बाळाची स्वतःची जोखीम हा वेगळा विषय आहे आणि त्यावर तुमच्या पत्रात एक ओळही नाही. इकोच्या रिपोर्टमध्ये चार गोष्टी शोधा. वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यातलं छिद्र मोकळं आहे का, हे सगळ्यात आधी. फुप्फुसांतून आलेलं शुद्ध रक्त या बाळांमध्ये डावीकडून पुढे जाऊच शकत नाही. ते त्या छिद्रातून उजवीकडे यायला हवं. छिद्र अगदी अरुंद किंवा बंद असेल तर फुप्फुसं तुंबतात आणि बाळ जन्मल्यावर काही मिनिटांत किंवा तासांत ते उघडावं लागतं. हे आधी माहीत असेल तर कॅथलॅब (शिरेतून बारीक नळी घालून हृदयावर उपचार करायची खोली) तयार ठेवून प्रसूती करता येते. दुसरं, उजवीकडची झडप गळते का. तिसरं, उजवा खालचा कप्पा जोरात आकुंचन पावतो का, कारण पुढे आयुष्यभर शरीराचा पंप तोच असणार. चौथं, बाकीच्या अवयवांत काही दोष आहे का. गर्भजलाची जनुकीय तपासणी झाली नसेल तर तिच्याबद्दल विचारा. काही गुणसूत्रदोषांत ऑपरेशनचा विचारच बदलतो. छिद्र आणि झडप पुढच्या आठवड्यांतही बदलतात, म्हणून ३२ आणि ३६ आठवड्यांच्या सुमारास पुन्हा इको मागा.

आता तो फुटबॉल खेळणारा मुलगा. त्याचं भलं झालं, पण त्याच्यावरून तुमच्या बाळाचं भविष्य काढू नका. 'हृदयाचं ऑपरेशन' या दोन शब्दांत जमीन-अस्मानाचा फरक असलेल्या गोष्टी मावतात. दोन मोठ्या धमन्यांची अदलाबदल झालेलं बाळ घ्या. ब्राझीलच्या आदिब जातेने यांनी १९७५ साली त्या धमन्या मूळ जागी बसवून दाखवल्या. आज ते ऑपरेशन पहिल्या दोनएक आठवड्यांत होतं, चांगल्या केंद्रांत ९५ टक्क्यांहून जास्त बाळं वाचतात आणि हृदयाला दोन पंप राहतात. कप्प्यांमधलं भोक बुजवणं त्याहून सोपं. तुमच्या बाळाचं तसं नाही. त्याचा डावा पंप तयारच झालेला नाही आणि तो कुणी बनवून देऊ शकत नाही. तीन ऑपरेशनांनी हृदय 'बरं' होत नाही. एका पंपावर जगता येईल अशी रक्ताची वाट नव्याने आखली जाते.

पहिलं ऑपरेशन जन्मानंतर साधारण पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत. फुप्फुसांकडे जाणारी मोठी धमनी महाधमनीला जोडतात, महाधमनीची बारीक कमान पॅच लावून रुंद करतात, वरच्या कप्प्यांमधला पडदा काढून टाकतात आणि फुप्फुसांसाठी एक कृत्रिम नळी बसवतात. धमनीतून काढलेली असेल तर ती बहुधा ३.५ मिलिमीटरची असते, कप्प्यातून काढलेली असेल तर ५ च्या आसपास. दुसरं, ग्लेन, साधारण ४ ते ६ महिन्यांत : डोक्या-हातांकडून येणारं रक्त पंपाला वळसा घालून थेट फुप्फुसांत सोडतात. तिसरं, फॉन्टान, २ ते ५ वर्षांच्या दरम्यान : पायांकडून येणारंही तसंच. त्यानंतर रक्त फुप्फुसांतून जातं ते पंपाशिवाय, नुसत्या शिरांमधल्या दाबावर. तो वाढलेला दाब वर्षानुवर्षं यकृताला आणि आतड्यांना सोसावा लागतो. पुढे यकृत कडक होणं, आतड्यांतून प्रथिनं निसटणं, ठोक्यांची लय बिघडणं हे प्रश्न येऊ शकतात, काहींना हृदयरोपण लागतं. बहुतेक मुलं शाळेत जातात, खेळतातही, पण दमतात लवकर. बोलणं, एकाग्रता, हातांची बारीक कामं यांत मागे पडण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, म्हणून विकासाची तपासणी पहिल्या वर्षापासूनच सुरू करायची.

आणि साठाव्या वर्षी काय? विल्यम नॉरवुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मार्गाचं पहिलं यश १९८३ साली प्रसिद्ध केलं. त्याआधी ही बाळं बहुतेक पहिल्या महिन्यातच जात. म्हणजे या वाटेने सगळ्यात पुढे गेलेली माणसं आज चाळिशीच्या आसपास आहेत. त्यांच्या पुढे वाट कुणी चाललेलंच नाही. तुम्हाला कुणी 'अगदी नॉर्मल आयुष्य' असं सांगितलं, तर त्याला हे विचारा.

ताईंचं बोलणं तुम्हाला टोचलं, हे पत्रातून कळतं. पण त्या रोज जे बघतात त्यातूनच ते आलं आहे. छाती दोन-तीन दिवस उघडी ठेवलेलं बाळ, फुप्फुसाभोवती साठणारं पाणी, ऑपरेशनात दुखावलेल्या नसेमुळे घोगरा झालेला आवाज आणि दूध गिळताना लागणारा ठसका, आतड्याला सूज येऊन बंद करावं लागलेलं दूध. फक्त एक गोष्ट : अतिदक्षता विभागात काम करणाऱ्याला वाईट आठवडे दिसतात, सहाव्या वर्षी दप्तर घेऊन निघालेलं मूल दिसत नाही. तुम्ही उलट बाजूने फक्त तो खेळणारा मुलगा पाहिला. दोघांकडे अर्धं अर्धं चित्र आहे.

ऑपरेशन न करणं हा पर्यायही डॉक्टरांसमोर उघड मांडण्यासारखाच आहे. तो मांडला म्हणून तुम्ही वाईट बाप ठरत नाही. त्याला 'काहीच न करणं' म्हणू नका. दुखू नये, धाप लागू नये म्हणून औषधं, जमेल तसं दूध, कुशीत ठेवणं, ही सगळी ठरवून केलेली शुश्रूषाच असते. बाळ साधारण काही दिवस ते दोन-तीन आठवडे जगतं. छिद्र बंद असेल, झडप खूप गळत असेल, बाळ दीड किलोचं असेल किंवा जनुकीय दोष गंभीर असेल, तर अनेक अनुभवी डॉक्टर स्वतःच हा मार्ग सुचवतात. यातलं काहीच नसेल आणि चांगलं केंद्र आवाक्यात असेल, तर माझं मत ऑपरेशनच्या बाजूने झुकतं. पण ते मत आहे, नियम नव्हे.

शिवाय आज 'हो' की 'नाही' असा शिक्का मारायची गरजच नाही. प्रसूतीच्या आधी एकच गोष्ट लिखित हवी : जन्मताच प्रोस्टाग्लँडिन सुरू करायचं की नाही. शरीराला रक्त पोचवणारी डक्टस ही नळी जन्मानंतर आपोआप मिटू लागते, त्या औषधाने ती उघडी राहते. ते सुरू केलं की दोन-तीन दिवस मिळतात. बाळाची नीट इको होते, मेंदूची सोनोग्राफी होते, वजन कळतं आणि मग शांतपणे बोलता येतं. सुरू केलं म्हणून पुढचं सगळं करणं बंधनकारक होत नाही. पुढे कुठल्याही टप्प्यावर थांबता येतं.

प्रसूतीचं गणित सोपं ठेवा. हृदयामुळे सिझेरियन लागतंच असं नाही. दुसरं कारण नसेल तर ३९ आठवड्यांपर्यंत थांबणं बाळाच्या फायद्याचं, कारण अडीच किलोखालचं वजन आणि अपुरे दिवस हे या ऑपरेशनचे शत्रू आहेत. जन्म शक्यतो त्याच आवारात व्हावा जिथे ऑपरेशन व्हायचं आहे. तसं जमत नसेल तर प्रोस्टाग्लँडिन कोण लावणार आणि बाळाला कोण नेणार, हे नावानिशी ठरवा. ते नियंत्रित पंपातून शिरेत जातं, मात्रा मिनिटाला किलोमागे ०.०१ ते ०.०५ मायक्रोग्रॅमपासून सुरू होते आणि त्याने बाळाचा श्वास मध्येच थांबू शकतो. म्हणून रुग्णवाहिकेत श्वासाची नळी घालता येणारी व्यक्ती हवीच. आणखी एक चूक नेहमी होते : निळसर बाळ दिसलं की ऑक्सिजनचा मारा. या बाळांमध्ये जास्त ऑक्सिजनने फुप्फुसांच्या नसा सैल पडतात, रक्त तिकडे धावतं आणि शरीर कोरडं पडतं. मॉनिटरवर ऑक्सिजन ९८ टक्के दिसतो, सगळे सुटकेचा श्वास सोडतात आणि आत मूत्रपिंड बंद पडत असतात. अशा बाळासाठी ७५ ते ८५ हीच ठीक पातळी.

आता ज्या भागाबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाही आणि ज्यासाठी मी हे पत्र निवडलं, तो : पहिल्या आणि दुसऱ्या ऑपरेशनमधले घरचे महिने. टेबलावर वाचलेली बाळं इथे हरवतात. एकच पंप शरीर आणि फुप्फुसं दोन्हींना रक्त देत असतो. नळीचा व्यास तोच राहतो, बाळ वाढत असतं. एखादी उलटी-जुलाबाची रात्र, रक्त घट्ट होतं आणि साडेतीन मिलिमीटरची नळी गुठळीने बंद पडू शकते. महाधमनीची कमान पुन्हा आवळू शकते. हे सगळं मोठ्या आवाजाने येत नाही. दूध थोडं कमी जाणं, कपाळावर घाम, वजनाचा काटा हलत नाही, एवढंच दिसतं.

त्यामुळे घरी तीन वस्तू लागतात : पायाला लावायचा तान्ह्या बाळांचा ऑक्सिमीटर, १० ग्रॅमचा फरक दाखवणारा वजनकाटा आणि वही. वजन रोज एकाच वेळी, दुधाआधी, उघड्या अंगाने. ऑक्सिजन दिवसातून दोनदा, बाळ शांत असताना, पाय गरम करून. थंड पाय खोटा आकडा देतो. दिवसभरात किती मिलिलिटर दूध गेलं ते लिहायचं. फोन करायच्या रेषा साधारण अशा असतात : ऑक्सिजन ७५ च्या खाली किंवा ९० च्या वर, एका दिवसात ३० ग्रॅम वजन घटणं, ३ दिवसांत २० ग्रॅमही न वाढणं, किलोमागे १०० मिलिलिटरपेक्षा कमी दूध. बाळ ३.२ किलोचं असेल तर दिवसाचे ३२० मिलिलिटर, आठ वेळा पाजलं तर दर वेळी ४०. त्याखाली गेलं की 'उद्या बघू' नाही. ही तळाची रेषा झाली, वाढीसाठी त्याहून जास्त लागतं. तुमचं केंद्र आपले आकडे देईल, ते प्रमाण माना.

दूध ओढायला अर्ध्या तासाहून जास्त लागत असेल तर बाळ जेवढं कमावतं तेवढं घाम गाळण्यात खर्च करतं. अशा वेळी उरलेलं नाकातल्या नळीने देतात. नळी म्हणजे हार मानणं नव्हे. नळीत गुठळी होऊ नये म्हणून दिलेला अ‍ॅस्पिरिनचा डोस उलटून पडला तर पुन्हा द्यायचा का, हे घरी जायच्या आधी विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहा. छातीचं हाड जुळेपर्यंत, साधारण सहा ते आठ आठवडे, बाळाला काखेत धरून उचलू नका. एक हात मानेखाली, दुसरा कुल्ल्याखाली. घरातल्या निदान दोघांनी तान्ह्या बाळाचा सीपीआर आणि नाकातली नळी बसवणं शिकल्याशिवाय डिस्चार्ज घेऊ नका. दोघांनी, कारण एकट्या आईला तीन-तीन तासांनी पाजत चार महिने काढता येत नाहीत. लसी वेळेवर, आणि घरातल्या मोठ्यांनी फ्लूची लस घ्यायची.

आता दोन रुग्णालयांबद्दल. जवळच्याची संख्या भक्कम निघाली तर प्रश्नच मिटला. तिथे वर्षाला मोजकीच होत असतील आणि लांबच्याकडे कित्येक पट, तर पहिल्या ऑपरेशनसाठी लांब जा आणि ग्लेन होईपर्यंत त्या रुग्णालयापासून तासाभराच्या आत राहायची सोय करा. त्यानंतरच्या तपासण्या जवळच्या डॉक्टरांकडे वाटून घेता येतात, दोन्ही टीम एकमेकांशी बोलत असतील तर. हे चार-सहा महिने कुणाची रजा, कुणाची सोबत, हे आत्ताच मांडून बघा. त्यावरूनही निर्णय फिरतो आणि फिरला तर त्यात लाजण्यासारखं काही नाही.

पुढच्या भेटीत पहिला प्रश्न बायकोला विचारू द्या, तुम्ही लिहून घ्या. 'तू ठरव' म्हणणाऱ्या माणसाला बहुतेक वेळा विचारायचं असतं, ठरवायचं नसतं. ताईंनाही न्या. रिपोर्टमधली भाषा त्यांना कळते. आणि तुम्ही दोघांनीही स्वतःची एकेकदा इको करून घ्या. डाव्या बाजूचे दोष घराण्यात वाहू शकतात, आईबापांपैकी एखाद्याच्या महाधमनीच्या झडपेला तीनऐवजी दोनच पाकळ्या असल्याचं त्यातून कळतं. पुढच्या गर्भारपणातली जोखीमही त्यावरून नीट सांगता येते. तेव्हा गर्भाची इको १८ ते २२ आठवड्यांत करायची.

बाळ घरी येईल तेव्हा एक कार्ड लॅमिनेट करून बाळाच्या पिशवीत आणि एक दाराच्या आतल्या बाजूला लावा. त्यावर ठळक अक्षरांत : 'एकाच पंपावरचं हृदय, नॉरवुड झालेलं. ऑक्सिजन ७५ ते ८५ हेच याच्यासाठी ठीक. आमच्या हृदयविभागाला विचारल्याशिवाय जादा ऑक्सिजन वा जादा सलाइन देऊ नये. ऑक्सिजन अचानक उतरला तर नळी बंद पडल्याची शंका धरावी.' त्याखाली हृदयविभागाचा चोवीस तासांचा फोन आणि बाळाचं शेवटचं वजन, पेन्सिलीने, कारण ते रोज बदलायचं आहे.